बडोद्यातलं एन्कॉस्टिक: मेण, राळ आणि आच (अमूर्त चित्रांच्या तंत्रावर ऑनलाइन मंचावरचा चर्चाधागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मेणकागद:

मधमाशीचं मेण, राळ आणि रंगद्रव्य वितळवून, एकेक थर देत आणि प्रत्येक थर आचेवर खालच्या थरात मुरवत केलेलं चित्र म्हणजे एन्कॉस्टिक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'आच देऊन आत मुरवणं' असा आहे. इजिप्तमधल्या फायूमची ममींवरची व्यक्तिचित्रं इसवीसनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, आणि त्यातल्या कितीतरी चित्रांचा रंग आजही ताजा दिसतो. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सचं १९५४-५५ चं 'फ्लॅग' हे चित्र याच माध्यमातलं.

धागा काढायचं कारण: विलायती पुस्तकांतली मापं २० अंशांच्या स्टुडिओसाठी असतात. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि श्रावणात प्लायवुड पाणी पितं. ती मापं इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी लिहावं: मेणाचं मिश्रण, फळीची तयारी, आणि थर सुटणं. सुटे थर ही इथली सगळ्यात मोठी तक्रार दिसते. चित्र आठ-दहा दिवस छान दिसतं आणि मग कोपऱ्यातून नखाने पापुद्रा निघतो.

पिवडी:

मेणापासून सुरुवात करते, कारण निम्मी गडबड तिथेच असते.

'मधमाशीचं मेण' म्हणून विकलं जाणारं बरंच मेण पॅराफिन मिसळलेलं असतं. बाटिकसाठी ते चालतं, उलट तिथे पॅराफिन मुद्दाम घालतात, कारण त्याने कापडावर भेगांची जाळी उमटते. आपल्याला नेमक्या त्या भेगा नको आहेत. पॅराफिन ठिसूळ असतं आणि त्याची थराला थराशी पकड कमी असते.

चाचणी सोपी आहे. काचेच्या पेल्यात स्पिरिट (अल्कोहोलचं) घ्या आणि खात्रीच्या शुद्ध मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा त्यात टाका. तो बुडेल. आता थोडं थोडं पाणी घालत ढवळा. तुकडा तळ सोडून मधोमध तरंगत राहील तिथे थांबा. त्याच पेल्यात संशयित मेणाचा तुकडा टाका. तो सरळ वर आला तर पॅराफिन आहे, कारण शुद्ध मेणाची घनता ०.९६ च्या आसपास असते आणि पॅराफिनची ०.९० च्या आसपास. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून घ्या, नाहीतर शुद्ध मेणही वर येतं. सगळी भेसळ यात पकडली जात नाही, पण नेहमीची पकडली जाते.

आग्या मोहोळाचं जंगली मेण स्वस्त मिळतं, पण ते गडद तपकिरी आणि मळकट असतं. आधी पाण्यात वितळवा, भांड्यातच थंड होऊ द्या, वडी उलटी करून खाली बसलेला मळ सुरीने खरवडून काढा, मग पुन्हा वितळवून मलमलीतून गाळा. पाण्याचा एकही थेंब राहू देऊ नका, पुढे तो तडतडतो. पांढरे आणि फिकट निळे रंग करायचे असतील तर गाळून फिकट केलेलं मेण घ्या. रसायनाने पांढरं केलेलं मेण पुढे पिवळं पडू शकतं.

भांडी स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची. तांब्या-पितळेत मेण हिरवट होतं, लोखंडात काळवंडतं. आणि जे भांडं मेणाचं, ते मेणाचंच. स्वयंपाकघरात परत नाही.

तावदान:

राळेबद्दल भर घालतो. इथे बाजारात 'डामर' मागितलं तर समोरचा रस्त्याच्या डांबराचा विचार करतो, कारण गुजरातीत डामर म्हणजे डांबरच. घरगुती सामानाच्या दुकानात तर कपाटात ठेवायच्या डामरच्या गोळ्याच पुढे येतील. आपल्याला हवी ती 'दम्मर राळ': फिकट पिवळे, खडीसाखरेसारखे खडे, वरून पिठूळ. पूजेच्या दुकानातली राळ वेगळी. ती बहुधा सालाच्या झाडाची असते, किंवा राळेच्या नावावर चक्क बेरजा, म्हणजे चिडाच्या झाडाचं रोझिन असतं. बेरजा काही वर्षांत पिवळा आणि भुसभुशीत होतो. चित्रात नकोच.

ओळखायला पुन्हा स्पिरिटच कामी येतं. खड्याची पूड स्पिरिटमध्ये टाकून बाटली हलवा. बेरजा पूर्ण विरघळून द्राव स्वच्छ दिसतो. दम्मर अर्धवट विरघळते, द्राव दुधाळ होतो आणि तळाशी पांढरट गाळ राहतो.

मिश्रण असं करा. मेण ८०० ग्रॅम, दम्मर १०० ग्रॅम. मेण शुद्ध असेल तर ते ६२ ते ६५ अंशांना वितळतं. आधी फक्त मेण वितळवा. दम्मर खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक करून घाला आणि तापमान सावकाश १०५-११० पर्यंत न्या. तास-दीड तास लाकडी काडीने अधूनमधून ढवळत राहा. राळ आधी तळाशी च्युइंगमसारखी चिकट गोळा होते. तेव्हा घाबरून आच वाढवू नका, ती सावकाश विरते. १२० च्या पुढे मेण धुरायला लागतं, काळं पडतं, आणि तो धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. विरली की गरम असतानाच दुहेरी मलमलीतून गाळा, कारण राळेत सालपटं आणि किडेही निघतात. गाळलेलं इडलीच्या साच्यात ओता. थंड झाल्यावर मोजून वापरायला इडलीएवढी वडी सोयीची पडते.

टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली तयार दम्मर वार्निश यात कधीही ओतू नका. तापलेल्या ताटावर टर्पेंटाइनची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण.

मेणकागद:

उन्हाळ्यासाठी हेच ८:१ चालेल का? काही जण कार्नोबा (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं कडक मेण) घालतात.

तावदान:

मी ७:१ धरीन आणि दर ८०० ग्रॅमला १५-२० ग्रॅम कार्नोबा. कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतो, त्यामुळे पृष्ठभाग थोडा कणखर राहतो आणि बोटाचा ठसा लवकर उमटत नाही.

पिवडी:

इथे मतभेद नोंदवते. कार्नोब्याने मेण लवकर थिजतं, ब्रश फळीवर टेकायच्या आत ओढ लागते, आणि जास्त झाला तर थर चिरतो. राळही तशीच. ५:१ च्या पलीकडे गेलात की काठ काचेसारखा तुटतो. उन्हाळा हा चित्र कुठे ठेवता त्याचा प्रश्न आहे, तो मिश्रणात सोडवायला जाऊ नये. मी ८:१ वरच राहीन, आणि कार्नोबा घालायचाच तर फक्त शेवटच्या थरात.

तावदान:

शेवटच्या थरापुरता, हे पटलं.

आच:

तापमान हा या माध्यमाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंडक्शनवर तवा ठेवून काम करू नका. इंडक्शन मंद आचेवर चालू-बंद होत राहतो, तव्याच्या मधल्या कड्यात १३० आणि कडेला ७० असं होतं. चांगला उपाय: १००० वॅटची साधी हॉटप्लेट, तिच्यावर ८ मिलिमीटर जाडीचं ३० × ४० सेंटिमीटरचं अॅल्युमिनियमचं सपाट ताट. मकरपुरा जीआयडीसीत (इथल्या औद्योगिक वसाहतीत) असा तुकडा कापून मिळणं अवघड नाही. ताटाच्या काठातून ३ मिलिमीटरचं भोक आडवं पाडून त्यात के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा. तो वर टेकवून ठेवला तर हवेच्या झुळकेबरोबर आकडा नाचतो. थर्मोकपल पीआयडी कंट्रोलरला (ठरवलेलं तापमान राखणारं उपकरण), कंट्रोलर सॉलिड स्टेट रिलेला (हॉटप्लेट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), रिले गार राहायला हीटसिंक, आणि ताटाला अर्थिंग. अर्थिंग टाळू नका, ताट उघडं धातूचं आहे आणि हात त्यावरच असतो.

कंट्रोलर ९५ वर ठेवा. डब्यांचे तळ पूर्ण सपाट नसतात, म्हणून डब्यातलं मेण ८५-८८ वर राहतं, आणि ब्रशला तेवढं पुरतं.

आता एक चूक जी फार जण करतात. इन्फ्रारेड थर्मामीटर चकाकत्या अॅल्युमिनियमवर धरला की ९० अंशांचं ताट पन्नाशीच्या आत दाखवतं. धातूची चकाकी उष्णता कमी फेकते आणि आजूबाजूचं प्रतिबिंबच जास्त देते. मग माणूस आच वाढवत जातो आणि मेण जळतं. ताटाच्या एका कोपऱ्यात मास्किंग टेपचा दोन इंची तुकडा चिकटवून त्यावरच मोजा, किंवा थेट वितळलेल्या मेणावर.

सरसखळ:

फळीकडे येऊ. मेणाला दोन गोष्टी लागतात: न वाकणारा आधार आणि शोषणारा पृष्ठभाग. ताणलेला कॅनव्हास वाकतो आणि मेण चिरतं. १२ मिलिमीटरचं चांगलं प्लाय घ्या. ६० × ६० सेंटिमीटरच्या वर जाणार असाल तर मागून लाकडी पट्ट्यांची चौकट सरस लावून स्क्रूने बसवा.

दुकानातला अॅक्रिलिक जेसो (रंगाआधी फळीला द्यायचं पांढरं अस्तर) वापरू नका. तो शेवटी प्लास्टिकचा पापुद्रा आहे. मेण त्याच्यात शिरत नाही, वर बसून राहतं. मूळ प्रश्नातले निम्मे 'सुटलेले थर' थर नसतातच, सगळं मेण एकगठ्ठा प्रायमरवरून सुटतं. सुटलेला तुकडा उलटा करून बघा. मागची बाजू गुळगुळीत पांढरी असेल तर दोष जेसोचा.

सरसाचा जेसो घरी करता येतो. १०० ग्रॅम सरस १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी पाण्याच्या पातेल्यात ते भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, सरसाची पकड जाते. पहिला हात नुसत्या सरसपाण्याचा. तो वाळल्यावर एक वाटी सरसपाण्याला दीड वाटी चाळलेली खडूची पूड. पूड वरून भुरभुरवत घाला, घाईने ढवळलंत तर हवेचे फुगे राहतात आणि पुढे तेच मेणात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतात. सहा ते आठ हात, एक उभा एक आडवा. शाळेचे खडू कुटून वापरू नका, ते बहुतेक जिप्समचे असतात.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद गव्हाच्या खळीने प्लायवर चिकटवावा. वजन ठेवून दोन दिवस वाळवा. लहान अभ्यासचित्रांना हे उत्तम.

पावसाळ्यात एक जास्तीची पायरी. प्लाय हवेतलं पाणी धरतं, गरम मेण पडलं की ते वाफ होऊन वर येतं आणि पृष्ठभागावर चाळणी होते. जुलै-ऑगस्टमध्ये फळी दोन दिवस कोरड्या खोलीत दिव्याखाली ठेवा, आणि मेण लावण्याआधी हीटगनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) पाठपोट कोमट करा. हाताला गरम फरशीसारखी लागली की पुरे.

मेणकागद:

आता मुख्य प्रश्न. मेण फळीला नीट धरतं, पण तिसऱ्या-चौथ्या थरानंतर थरच एकमेकांवरून सुटतात. विशेषतः एप्रिल-मेमध्ये केलेल्या कामात. उलट असायला हवं ना? हवा गरम म्हणजे पकड चांगली?

आच:

उलट असायला हवं असं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. थंडीत ब्रशचा फटकारा फळीवर पडताच थिजतो, कडा उभ्या दिसतात, म्हणून माणूस हीटगन उचलतो. उन्हाळ्यात नवा थर सावकाश थिजतो, पसरतो, आपोआप एकजीव झाल्यासारखा दिसतो, आणि मुरवणं राहून जातं. नवा थर ८५ अंशांचा असला तरी कागदाएवढा पातळ असतो. खालचा थर वितळवण्याइतकी उष्णता त्याच्यात नसते. तो नुसता टेकलेला असतो, जोडलेला नसतो.

मुरवताना काय बघायचं ते नीट सांगतो. खिडकीचा उजेड बाजूने येईल अशी फळी सपाट ठेवा. हीटगन सर्वांत कमी उष्णतेवर आणि कमी हवेवर, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावरून. आधी काहीच होत नाही. मग मंद पृष्ठभागावर एक ओली चकाकी उगवते, पाणी मारलेल्या कोट्याच्या फरशीसारखी, आणि ती गनच्या मागोमाग सरकते. ब्रशच्या रेघांचे कंगोरे बसतात. त्या क्षणी पुढे सरका. तिथेच थांबलात तर चकाकीच्या आत रंग पोहायला लागतात, पांढऱ्यात लाल शिरतो आणि मऊ धुरकट डाग उरतो. काहींना तो परिणाम हवा असतो, पण तो ठरवून करा.

चकाकी आलीच नाही आणि नुसतं मऊ झालं, तर मुरलेलं नाही. एवढं एक चिन्ह लक्षात ठेवलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

खात्री करायची तर प्रत्येक चित्राबरोबर १० × १५ सेंटिमीटरची एक चाचणीची पट्टी चालवा: तेच थर, तीच आच. २४ तासांनी तिच्यावर ब्लेडने फुली मारा आणि छेदाच्या टोकात सुरी सारा. मेण भुग्यासारखं निघालं तर जोड पक्का. पापडासारखी चकती निघाली तर मुरवणं कमी पडलं.

पिवडी:

आचच्या म्हणण्याला दोन कारणं जोडते. एक, घाम. मे महिन्यात तळहात चित्रावर टेकतो, तिथे तेलकट-खारट ठसा राहतो. पुढच्या थराआधी कोरड्या सुती कापडाने पुसा. दुसरं, तैलरंग. ट्यूबमधला रंग मेणात घालायचा तर आधी तो रात्रभर टिपकागदावर पिळून ठेवा, तेल कागदात उतरतं. तेल जास्त राहिलं तर मेण कधीच नीट कडक होत नाही आणि वरचा थर घसरतो.

त्यापेक्षा कोरडी रंगद्रव्यं बरी. गेरू, पिवडी, काजळ हे इथे सहज मिळतात आणि मेणात सुंदर लागतात. १०० ग्रॅम मिश्रणाला २५ ते ४० ग्रॅम माती-रंग. थॅलो निळा-हिरवा फार तिखट, ५ ग्रॅमही पुष्कळ. पूड थेट डब्यात टाकली तर गुठळ्या तळाशी बसतात. तापलेल्या ताटावरच थोड्या मेणात पॅलेट नाइफने घोटा, मग डब्यात सोडा. माती-रंग तरीही खाली बसतात, म्हणून प्रत्येक वेळी ब्रश तळापासून फिरवून घ्या.

आणि हे कृपा करून गांभीर्याने घ्या: हिंगूळ, हरताळ आणि शेंदूर या कामात वापरू नका. लघुचित्रांच्या परंपरेत ते आहेत म्हणून मोह होतो. हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक, खऱ्या शेंदरात शिसं. तापत्या ताटाशेजारी यांची पूडही नको. घोटताना एन ९५ मास्क लावा, पण तो धुळीसाठी आहे. मेणाची वाफ त्याने अडत नाही.

रावपुरा ७:

हवा खेळती कशी ठेवायची? छताचा पंखा लावला की ब्रशवरचं मेण वाटेतच थिजतं.

आच:

छताचा पंखा बंदच. ताटाच्या उंचीला, खिडकीत एक्झॉस्ट बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, म्हणजे वाफ तोंडासमोरून वर न जाता आडवी बाहेर ओढली जाते. उन्हाळ्यात काम सकाळी ६ ते १०. मेण पेटलंच तर पाणी मारू नका, भडका उडतो. झाकण टाका, प्लग काढा. शेजारी वाळूची बादली आणि कोरड्या पावडरीचं अग्निशामक ठेवा.

तावदान:

अमूर्त कामासाठी या माध्यमात काय काय शक्य आहे त्यावर थोडं. एन्कॉस्टिकमध्ये चित्र वर चढत जातं आणि मग खाली उकरता येतं. पाच-सात पारदर्शक थर द्या, मध्ये एखादा अपारदर्शक पांढरा, आणि कोमट असताना मातीकामाच्या वायर-लूपने खरवडा. दबलेले रंग नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे उलगडतात. थंड मेण खरवडलं तर कपचे उडतात, गरम खरवडलं तर चिखल होतो. नखाने दाबल्यावर किंचित खळगा पडतो ती वेळ नेमकी.

बारीक रेघ हवी तर टोकदार सळीने कोरा, तिच्यात ऑइल स्टिक (तैलरंगाची कांडी) चोळा आणि वरचं जास्तीचं थेंबभर जवसाचं तेल लावलेल्या कापडाने पुसा. रेघेतच रंग राहतो. त्यावर हीटगन अगदी अलगद, नाहीतर कड बुजते.

चपड्याचं जाळणं हा आपल्याकडे स्वस्तात होणारा प्रकार आहे. एक भाग चपडा लाख, चार भाग स्पिरिट, रात्रभर विरघळू द्या, चिमूटभर रंगद्रव्य घाला. पूर्ण थंड मेणावर ब्रशने लावा. स्पिरिट उडून हाताला कोरडं लागेपर्यंत थांबा. मग मोकळ्या जागेत, स्पिरिटची बाटली लांब ठेवून, ब्युटेन टॉर्चची ज्योत वरून भरभर फिरवा. खालचं मेण वितळून पसरतं, वरची लाख आक्रसते, आणि सुकलेल्या तळ्यासारखी जाळी उघडते. ओल्यावर ज्योत लावलीत तर सगळा पृष्ठभाग पेटतो आणि काळी काजळी बसते.

बडोद्यात हे लिहिताना इथले चित्रकार जेराम पटेल आठवणारच. १९६० च्या दशकात त्यांनी प्लायवुड ब्लोटॉर्चने जाळून, कोरून चित्रं केली. त्यात मेण नव्हतं, पण ज्योत हे रेखाटनाचं साधन होऊ शकतं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने ती कामं मिळतील तिथे जवळून बघावीत.

सरसखळ:

ब्रशबद्दल कुणीच लिहिलं नाही. नायलॉनचे ब्रश ताटावर वितळतात. डुकराच्या केसांचे किंवा बकरीच्या केसांचे रुंद ब्रश घ्या, धातूच्या पट्टीत खिळा ठोकलेले असतील तर आणखी चांगले. धुवू नका. प्रत्येक रंगाचा ब्रश वेगळा ठेवा, थिजू द्या, दुसऱ्या दिवशी ताटावर ठेवला की पुन्हा मऊ.

रावपुरा ७:

तयार चित्र मे महिन्यात कसं टिकवायचं? आणि वर पांढरी साय आल्यासारखं होतं, ती बुरशी का?

पिवडी:

बुरशी नाही. मेणातलेच घटक पृष्ठभागावर येतात. थंडीत जास्त दिसतं, आणि पहिल्या सहा महिने-वर्षात जास्त. जुन्या धुतलेल्या सुती कापडाने किंवा तळहाताने हलकं चोळा, जाते आणि चकाकी परत येते. बुरशी ठिपक्यांनी येते आणि केसाळ असते, ही सलग धुरकट असते.

उन्हाळ्याचं: चित्र वितळून भिंतीवरून ओघळेल ही भीती सोडा, त्याला ६५ च्या आसपास तापमान लागतं. पण पारा चाळिशीत गेला की पृष्ठभाग मऊ होतो, धूळ रुतते, आणि टेकलेल्या वस्तूचा ठसा राहतो. म्हणून पश्चिमेची भिंत नको, गच्चीखालच्या खोलीत वरच्या बाजूला नको, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर कधीच नको. तिथे ६० सहज होतात. काच लावायची तर चित्र आणि काच यांत किमान १ सेंटिमीटरची पट्टी.

बांधताना बबलरॅप थेट चित्रावर आला की गोल गोल ठसे उमटतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग चारी काठांवर उंचावलेली पुठ्ठ्याची चौकट, मग बाकीचं. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून कधीच ठेवू नका.

मेणकागद:

फार उपयोगी. राहिलेली एकच शंका: खरवडलेल्या मेणाचा भुगा किलो-किलो साठतो. टाकून द्यायचा का?

सरसखळ:

अजिबात नाही. काजळ-गेरूचा वेगळा आणि फिकट रंगांचा वेगळा साठवा. वितळवून मलमलीतून गाळा, सगळं मिळून एक राखाडी-तपकिरी मिश्रण होतं. नव्या फळीवर पहिले दोन हात त्याचेच द्या. फक्त चपडा जाळलेल्या भागाचा भुगा त्यात टाकू नका. लाख मेणात मिसळत नाही, तिचे कण गाळूनही राहतात आणि वरच्या थरात खडे लागतात.